वेगळे काढलेले ताट

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्याकडे एक सभा झाली. विषय साधा होता. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या सभागृहात छातीची तपासणी ठेवावी, आरोग्य खात्याची माणसे यंत्र घेऊन येतील, ज्यांचा खोकला दोन आठवड्यांत गेलेला नाही त्यांनी थुंकी तपासणीस द्यावी आणि बाकीच्यांनीही एक क्ष-किरण चित्र काढून घ्यावे, एवढीच सूचना आम्ही मांडली होती. रक्तदानास आमच्या धर्मग्रामात कोणी कधी नकार दिलेला नाही. नेत्रतपासणीला तर रांग लागते. परंतु 'क्षय' हा शब्द उच्चारला गेला आणि सभेचा रंगच पालटला. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "फादर, उगाच बोभाटा होईल." दुसऱ्यांनी विचारले, "आपल्या मुलींची लग्नं व्हायची आहेत, त्याचं काय?" तिसऱ्यांना वाटले की आपण तोडगा काढतो आहोत. ते म्हणाले, ही तपासणी कंटेनर यार्डात राबणाऱ्या परप्रांतीय पोरांसाठी तिकडेच ठेवावी, रोग त्यांच्यातच आहे. त्यावर माना डोलल्या आणि सूचना बारगळली.

सभेतील कोणीही दुष्ट नव्हते. हे आम्ही आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आम्ही जे लिहिणार आहोत ते वाचून काहींना राग येईल. आजाऱ्याला डबा पोहोचवणारी, मयताला धावून जाणारी ही माणसे. आणि तरीही त्या संध्याकाळी ती चुकली आणि ठामपणे चुकली, असे आमचे मत आहे.

ज्या जासई परिसरात ही गोष्ट घडली तो महाराष्ट्राला अपरिचित नाही. दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी या भागातील शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. मिठागरे आणि भातखाचरे गेली, त्यांच्या जागी यार्ड आणि गोदामे उभी राहिली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. सुमारे बावीस किलोमीटरचा हा सागरी पूल आमच्याकडे जासई-चिर्ल्याजवळ उतरतो. त्याचे दुसरे टोक कोठे आहे? शिवडीला. आमच्या तरुणांना शिवडी म्हणजे पुलाचे टोक आणि खाडीतले रोहित पक्षी एवढेच ठाऊक असते. त्यांच्या आजोबांना शिवडी म्हणजे काय हे विचारून पाहावे. "त्याला शिवडीला टाकलाय," असे पूर्वी म्हणत. 'दाखल केलाय' म्हणत नसत. टाकलाय! मुंबई महानगरपालिकेचे क्षयरुग्णालय तेथे आहे, हजाराहून अधिक खाटांचे, आशियातील सर्वांत मोठ्या क्षयरुग्णालयांत गणले जाणारे. आणि त्याच शिवडीत ख्रिस्ती लोकांची जुनी, विस्तीर्ण दफनभूमी आहे. शहराने आपले मृत आणि आपले क्षयरोगी एकाच वस्तीत धाडले, यात योजना होती की योगायोग, हे आम्ही वाचकांवर सोपवतो.

रोग्याला दूर धाडण्याची ही रीत मुंबईने शोधून काढलेली नाही. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्या वेळी कल्याणात जन्मलेली एक मराठी मुलगी अमेरिकेस जाऊन डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहत होती. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टरकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्याच वर्षाच्या अखेरीस मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. वय अवघे एकवीस. जंतू सापडून पाच वर्षे झाली होती, औषध सापडायला अजून जवळजवळ साठ वर्षे होती. या मधल्या काळात माणसाच्या हाती उरले ते एवढेच: स्वच्छ हवा, विश्रांती, दूध, अंडी आणि अंतर. युरोप-अमेरिकेत डोंगरांवर आरोग्यधामे उभी राहिली. रोग्याला महिनोन्महिने उघड्या व्हरांड्यात खाटेवर निजवून ठेवीत. कधी छातीत हवा भरून रोगट फुप्फुस दाबून ठेवीत, तर कधी बरगड्या कापीत. काही बरे होत, पुष्कळ मरत.

आपल्याकडे ही आरोग्यधामे प्रथम उभी केली ती बव्हंशी ख्रिस्ती मिशनांनी. १९०६ साली अजमेरजवळ तिलोनिया येथे पहिले झाले, मग १९१२ मध्ये मदनपल्लीचे आरोग्यवरम्. महाराष्ट्रात मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि पुढे त्यांच्याच कार्यातून वानलेसवाडीचे क्षयरोग्यांचे रुग्णालय उभे राहिले. पाचगणीला मात्र हे काम एका पारशी डॉक्टरांनी केले. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये तेथे आरोग्यधाम काढले, तेच पुढे बेल-एअर या नावाने ओळखले गेले, नंतर रेडक्रॉसकडे गेले आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याच्या कारभाराची धुरा एका कॅथोलिक धर्मगुरूंनी खांद्यावर घेतली. आमच्या सभासंमेलनांतून ही नावे मोठ्या अभिमानाने घेतली जातात. 'क्षयरोग्यांची सेवा ख्रिस्ती लोकांनीच केली' हे वाक्य आम्ही किती व्यासपीठांवरून ऐकले आहे! ते पुरते खरे नाही, हे पाचगणीच्या उदाहरणावरून दिसतेच. जितके खरे आहे त्याचे श्रेयही आपले नाही, मिरजेच्या प्रेस्बिटेरियन बंधूंचे आहे. दुसऱ्यांनी वाहिलेल्या क्रुसाची फुशारकी आपण मारावी आणि आपल्या सभागृहाचे दार मात्र एका रविवारपुरते उघडू नये, यास काय म्हणावे?

शिवाय या अभिमानात एक मेख आहे. आरोग्यधाम कितीही प्रेमळ असले तरी ते दूर असे. तेथे माया करणारी परिचारिका भेटे, परंतु घर सुटे. आणि ते मिळे तरी किती जणांना? १९४६ च्या भोर समितीने आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे की देशात सुमारे पंचवीस लाख क्षयरोगी असावेत, वर्षाला पाच लाख मरत असावेत आणि खाटा आहेत सुमारे सहा हजार. म्हणजे चारशेमागे एक खाट. उरलेले तीनशे नव्याण्णव कोठे होते? ते घरीच होते. पडवीत, गोठ्याशेजारी, माळ्यावर, चाळीच्या जिन्याखाली. ताट वेगळे, तांब्या वेगळा, वाकळ वेगळी. आरोग्यधामाला जे जमले नाही ते घराने केले. दूर धाडता येईना म्हणून माणसाला घरातल्या घरातच परगावी पाठवले.

मग औषधे आली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आले. प्रश्न असा पडला की एवढे रोगी ठेवायचे कोठे? या प्रश्नाचे उत्तर जगाला आपल्या देशाने दिले, आणि ते आपल्या शाळांतून शिकवले जात नाही याचे आम्हाला नवल वाटते. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचारांचे एक संशोधन केंद्र निघाले. तेथील डॉक्टरांनी गरीब वस्तीतील रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. तेथे खाट, विश्रांती, सकस आहार सारे होते. दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या देऊन घरी पाठवले, त्याच दाटीच्या खोल्यांत, त्याच अपुऱ्या अन्नावर. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते. याहून महत्त्वाचा होता तो दुसरा निष्कर्ष. घरी उपचार घेणाऱ्या रोग्यांच्या कुटुंबीयांना, आरोग्यधामात गेलेल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा अधिक लागण झाली नव्हती. रोग पसरायचा तो निदान होऊन औषध सुरू होण्यापूर्वीच बव्हंशी पसरलेला असतो. गोळ्या सुरू झाल्या की साध्या क्षयाच्या रोग्यापासून होणारा संसर्ग झपाट्याने कमी होतो. या एका अभ्यासाने जगभरची आरोग्यधामे हळूहळू रिकामी केली.

वाचकहो, हे वर्ष लक्षात ठेवावे: १९५९. रोग्याला घराबाहेर काढण्याचे वैद्यकीय कारण त्या वर्षी संपले.

आणि ताट? क्षयाचा जंतू हवेतून पसरतो, खोकल्यातून आणि शिंकेतून. तो ताटाला चिकटून येत नाही, पेल्यातून येत नाही, हात हातात घेतल्याने येत नाही. खिडकी उघडी ठेवावी, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, औषध एक दिवसही चुकवू नये, घरातील लहान मुलांना तपासून घ्यावे, एवढे केले की पुष्कळ झाले. आमच्या धर्मग्रामातील घरांत आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यास जातो तेव्हा नेमके उलटे पाहतो. खिडकी बंद, कारण शेजारी बघतील. मुलांना तपासलेले नाही, कारण तपासणीला नेले की कळेल. आणि ताट मात्र न चुकता वेगळे! ज्याचा उपयोग नाही तेवढेच नेमाने केले जाते. विचारले तर उत्तर मिळते, "निमोनिया झालाय, फादर." किंवा "छातीत पाणी झालंय." सहा महिने चालणारा निमोनिया आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही.

एका मुलीची हकीकत सांगतो. घर ओळखू येईल असे काहीही सांगत नाही. सहा महिने तिने नेमाने औषध घेतले, दोन महिने ओकाऱ्या काढीत घेतले, आणि ती पूर्ण बरी झाली. शेवटची थुंकी तपासणी स्वच्छ आली. त्यानंतर वर्षाने तिचे लग्न ठरले. देवळात पहिली घोषणाही झाली. मग कोणीतरी वरपक्षाला सांगितले की ही पोर औषधाच्या रांगेत उभी असलेली आम्ही पाहिली आहे. लग्न मोडले. मोडणारे कुटुंब धार्मिक आहे. घरी रोज संध्याकाळी रोझरी होते. मुलीची आई आमच्याकडे आली आणि रडली नाही. तिने एवढेच विचारले, "फादर, आम्ही औषध चोरून दुसऱ्या गावातून घ्यायला पाहिजे होतं का?" सभेत ज्या गृहस्थांनी मुलींच्या लग्नांचा प्रश्न काढला त्यांना आमचे उत्तर हेच आहे. होय, मुलींची लग्ने मोडतात. ती क्षयाने मोडत नाहीत, आपण मोडतो. तपासणी टाळून मुली वाचत नाहीत. ज्या घरात रोग लपतो तेथे तो धाकट्या भावाला होतो, आजीला होतो, आणि मग कधीतरी औषधाला न जुमानणाऱ्या रूपात उभा राहतो, कारण चोरून घेतलेले औषध मध्येच सुटते. २०१२ च्या आरंभी मुंबईतील डॉक्टरांनी जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे बारा रोगी नोंदवले तेव्हा जगभर खळबळ माजली होती. नावावरून वाद झाला, रोग्यांवरून नाही.

आता त्या तिसऱ्या गृहस्थांकडे वळतो. रोग परप्रांतीय पोरांत आहे, म्हणाले. असेलही. बारा-चौदा तास काम, एका खोलीत आठ-दहा जण आळीपाळीने झोपणारे, जेवण हाताला लागेल तेव्हा. अशा ठिकाणी हा रोग वाढतो हे मुंबईच्या गिरण्यांच्या काळापासून ठाऊक आहे. परंतु त्या पोरांपैकी झारखंड-ओरिसाचे कितीतरी जण रविवारी आपल्याच देवळात मागच्या बाकांवर बसलेले असतात, हे गृहस्थ विसरले काय? शांतीची खूण करताना आपण कोणाचा हात हातात घेतो? आणि थोडे मागे पाहावे. आपले वाडवडील मुंबईस गोदीत, गिरणीत कामाला गेले तेव्हा त्या शहरालाही ते परकेच होते. मुंबईच्या लेखी तेव्हा रोग त्यांच्यात होता. आज पूल उलट दिशेनेही वाहतो आहे, एवढाच फरक.

एक गोष्ट आम्हाला विशेष बोचते. १ ऑक्टोबरला आपण बाळ येशूच्या संत तेरेझाचा सण साजरा करतो. तिची तसबीर घरोघर आहे, हातात क्रूस आणि गुलाब. ही संत कशाने वारली, असा प्रश्न आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना विचारला. कोणालाही सांगता आले नाही. मोठ्यांनाही विचारले. एका बाईंनी सांगितले, "देवाच्या प्रेमाने." उत्तर सुंदर आहे, पण अपुरे आहे. तेरेझा ३० सप्टेंबर १८९७ रोजी लिझ्यू येथील मठात क्षयाने वारली, चोवीस वर्षांची असताना, रक्ताच्या गुळण्या टाकीत, श्वासासाठी तडफडत. लूर्द येथे पवित्र मातेचे दर्शन झालेली बर्नादेत हीसुद्धा १८७९ मध्ये याच रोगाने गेली. त्यांच्या तसबिरींपुढे आपण मेणबत्त्या लावतो. त्या आज आपल्या घरी सुना म्हणून सांगून आल्या असत्या तर आपण त्यांना नकार दिला असता. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही. कुष्ठरोगी पुढे आला तेव्हा प्रभूने आधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला, मग तो शुद्ध झाला. मार्कच्या शुभवर्तमानातील हा क्रम आम्ही वेदीवरून दरसाल समजावून सांगतो. आपण तो फिरवला आहे. आधी शुद्ध हो, मग स्पर्श करू. नंतर तर बरा झालास तरीही नको.

शासनाविषयी न लिहिले तर हे लिखाण एकांगी होईल. २०२५ पर्यंत क्षयरोग हटवू अशी घोषणा झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एकाच वर्षात भारतात सुमारे अठ्ठावीस लाख लोकांना क्षय झाला आणि तीन लाखांहून अधिक मेले. जगातील क्षयरोग्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक आपल्याकडे. घोषणेने जंतू मरत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये तर सरकारी औषधांचाच तुटवडा पडला आणि केंद्राला राज्यांना कळवावे लागले की तुम्ही स्थानिक पातळीवर खरेदी करा. औषध एक दिवसही चुकवू नका असे रोग्याला बजावणाऱ्या व्यवस्थेने स्वतः ते चुकवले, आणि त्याबद्दल कोणाला शिक्षा झाल्याचे आम्ही वाचले नाही. उलट नंदिता वेंकटेशन या तरुणीचे उदाहरण पाहावे. क्षयाच्या इंजेक्शनांनी तिची श्रवणशक्ती गेली. रडत बसण्याऐवजी तिने दक्षिण आफ्रिकेतील आपल्यासारख्याच एका स्त्रीसमवेत बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या एकाधिकाराची मुदत वाढवण्यास हरकत घेतली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. तिने आपले नाव लपवले असते तर हे घडले नसते.

अन्नाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण येथे आपल्या हाती खरोखर काही आहे. मद्रासच्या अभ्यासाचा एक सोयीस्कर अर्थ पुढे रूढ झाला की गोळ्या दिल्या म्हणजे झाले, जेवणाचे काही एवढे नाही. रोगी बरा होण्यापुरते ते बऱ्याच अंशी खरे होते. परंतु घरातील इतरांचे काय? झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. क्षयरोग्यांच्या काही कुटुंबांना दरमहा सर्व माणसांसाठी शिधा दिला, तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल. बाकीच्या कुटुंबांत केवळ रोग्याला दिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निष्कर्ष आले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते, आणि जंतू प्रत्यक्ष आढळलेल्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदळाने! शासन रोग्याला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये देत आले आणि नोव्हेंबर २०२४ पासून हजार देते. हजार रुपयांत एका कुटुंबाचे पोषण किती होते हे बाजारहाट करणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आपल्या सणाच्या दिवशी मंडपावर, बँडवर आणि फटाक्यांवर जो खर्च होतो त्यात किती घरांचा सहा महिन्यांचा शिधा भरेल, हा हिशेब आम्ही मांडून ठेवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी कार्यालयात यावे. शिधा देताना रोग्याच्या हाती पिशवी देऊन छायाचित्र काढण्याची जी पद्धत अलीकडे पडली आहे, ती मात्र आमच्या आवारात चालणार नाही.

इतके लिहून झाल्यावर वाचक विचारतील, फादर स्वतः कोण लागून गेले? प्रश्न रास्त आहे. आम्ही सेमिनरीत शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गातील एकाला क्षय झाला. तो चौथ्या बाकावर बसे, पेटी उत्तम वाजवी. एका सकाळी त्याची खाट रिकामी दिसली. गादी मागच्या अंगणात जाळली गेली. प्रकृतीसाठी घरी गेला आहे, असे सांगण्यात आले, आणि तो परत आला नाही. त्याला घेणार नाहीत हे आम्हा सर्वांस कळले होते. १९५९ ला तेव्हा तीसहून अधिक वर्षे लोटली होती. आमच्यापैकी कोणी काही विचारले नाही. त्याचा पत्ता आमच्या वहीत होता. आम्ही त्याला एकही पत्र लिहिले नाही, भीतीने नव्हे, तर वरिष्ठांना आवडणार नाही म्हणून. त्याच्या घरच्यांनी त्याचे ताट वेगळे काढले की नाही, आम्हास ठाऊक नाही. आम्ही काढले होते.

म्हणून सभेचा निर्णय आम्ही मान्य केलेला नाही. सभागृह ज्यांचे आहे त्यांनी ते नाकारले, तो त्यांचा अधिकार. धर्मगुरूंच्या निवासाचा ओटा मात्र आमच्या ताब्यात आहे. आरोग्य खात्याशी बोलणे झाले आहे. हातात धरून छातीचे चित्र घेता येईल असे लहान यंत्र आता आले आहे, त्याला सभागृह लागत नाही, एक पडदा आणि विजेचे बटण पुरते. संत तेरेझाच्या सणानंतरच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, यंत्र ओट्यावर असेल. यार्डातल्या मुलांना निरोप गेला आहे. पहिले चित्र आमचे निघेल आणि ते काय दाखवते हे आम्ही त्याच्या पुढच्या रविवारी, इतर घोषणांबरोबर, वेदीवरून वाचून दाखवू.